लवकर वाळणारा रंग

सांगलीहून इस्लामपूरकडे निघालं की आष्ट्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याकडेला 'डेंटिंग-पेंटिंग'च्या पाट्या दिसतात. पत्र्याची शेड, बाहेर उसाची ट्रॉली नाहीतर बंपर काढलेली एखादी मोटार, आत कंप्रेसरची घरघर. आता हे काम घरच्या परड्यातही करता येतं. छोटा कंप्रेसर, गन, स्प्रेचे डबे सगळं ऑनलाइन मिळतं आणि कसं मारायचं ते मोबाइलवर दिसतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओत गंजलेला दरवाजा आरशासारखा होतो. त्या दहा मिनिटांत रंग मारणाऱ्यानं नाकावाटे काय ओढलं, ते मात्र कॅमेऱ्यात येत नाही.

कोणता रंग घ्यावा आणि कोणता मास्क लावावा, हे प्रश्न वरवर दुकानदाराला विचारण्यासारखे वाटतात. पण त्यांची उत्तरं इतिहासात आहेत. गेली शंभर-सव्वाशे वर्षं मोटारींच्या रंगाबाबत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: रंग लवकर कसा वाळेल? प्रत्येक उत्तरानं कारखान्याचे तास वाचवले आणि प्रत्येक उत्तराबरोबर हवेत काहीतरी नवं मिसळलं. कारखान्यांनी त्यासाठी बंदिस्त बूथ बांधले, मोठे पंखे लावले, कामगाराला नळीतून स्वच्छ हवा दिली. रस्त्याकडेच्या शेडपर्यंत मात्र फक्त रंग पोहोचला. बूथ आणि नळी मागेच राहिली. म्हणून घरी रंग निवडताना 'जास्त चमकतो कोणता' याच्या आधी विचारायला हवं, की कोणत्या रंगाला लागणारी हवा मी देऊ शकतो?

बग्गीचा रंग

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढलेल्या बग्ग्याच होत्या आणि त्यांना रंगही बग्गीचाच होता. जवसाच्या तेलात घोटलेला रंग, त्यावर व्हार्निश, सगळं ब्रशनं. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा मारायचा. असं करत एक गाडी रंगवायला कित्येक आठवडे जायचे. तेलाचा रंग वाळतो तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन, आणि ती प्रक्रिया संथ असते. गाड्या मोजक्या श्रीमंतांसाठी बनत होत्या तोवर हे चालून गेलं.

याच काळात आपल्या भागात यंत्रं येत होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला काही रंगांतला फरक ओळखता येत नाही. चित्रकला सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. रंग सोडलेल्या माणसाच्या कारखान्यातून लोखंडी नांगर शेतात गेले. आणि लोखंड म्हटलं की गंज आला, गंज म्हटला की रंग आलाच. शोभेसाठी लावायचा रंग यंत्रयुगात पत्रा वाचवण्यासाठी लागू लागला. आजही घरी रंगकाम काढण्याचं पहिलं कारण बहुतेकदा हेच असतं: दाराच्या खालच्या कडेला आलेला फुगारा.

तिकडे अमेरिकेत हेन्री फोर्डनं 1913 मध्ये सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडायला सुरुवात केली. 1914 पर्यंत मॉडेल टीचा सांगाडा जोडायला लागणारा वेळ 93 मिनिटांवर आला. दीड तासात गाडी तयार आणि तिचा रंग वाळायला मात्र कितीतरी दिवस, अशी स्थिती झाली. कारखाना म्हणजे वाळत घातलेल्या गाड्यांचं गोदाम होऊ लागलं. 1914 ते 1925 या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची. डांबरी घटक असलेले, भट्टीत भाजता येणारे काळे रंग त्या मानानं स्वस्त आणि टिकाऊ होते. तरी वेळेचं कोडं सुटलं नव्हतं.

घशाच्या डॉक्टरचं यंत्र

ते सुटलं दोन गोष्टी एकत्र आल्यावर. त्यातली पहिली म्हणजे गन, आणि तिचा जन्म दवाखान्यात झाला.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डेव्हिल्बिस हे नाक-घशाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात आतपर्यंत औषध पोहोचवण्यासाठी 1880 च्या दशकात त्यांनी एक फवारणी बनवली. रबरी फुगा दाबला की हवेच्या झोतानं औषधाचे अगदी बारीक थेंब व्हायचे आणि श्वासाबरोबर आत जायचे. त्यांचा मुलगा थॉमस यानं तीच कल्पना मोठी केली आणि 1907 मध्ये रंग मारायची गन तयार केली. आजही डेव्हिल्बिस हे नाव गॅरेजमधल्या गनवर दिसतं.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण गनचा धोका त्यातच आहे. घशात आणि छातीत औषध पोहोचावं म्हणून जे तत्त्व शोधलं, त्याच तत्त्वावर ती रंगाचे थेंब करते. ब्रशनं मारलेला रंग भिंतीवर राहतो. जुन्या पद्धतीच्या, जास्त दाबाच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी मात्र निम्म्याहून कमी रंग पत्र्यावर बसतो आणि बाकीचा हवेत तरंगतो. कमी दाबाच्या, ज्याला बाजारात एचव्हीएलपी म्हणतात, त्या गनमध्ये पत्र्यावर बसणाऱ्या रंगाचं प्रमाण बरंच वाढतं. म्हणून घरी काम करायचंच असेल तर तीच गन घ्यावी. रंग वाचतो आणि धुकंही कमी होतं.

बंदुकीच्या दारूची बहीण

दुसरी गोष्ट होती नायट्रोसेल्युलोज. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ मिळतो. जास्त नायट्रोजन असलेला प्रकार म्हणजे गनकॉटन, बिनधुराच्या बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. पहिल्या महायुद्धात त्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले. युद्ध संपलं, मागणी आटली. ड्यूपाँट या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीनं त्याच रसायनशास्त्रातून रंग काढला आणि त्याला 'ड्यूको' नाव दिलं. 1923 मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या ड्यूकोच्या निळ्या रंगात बाजारात आल्या. पुढे आपल्याकडच्या जुन्या पेंटरांच्या बोलण्यात 'ड्यूको मारणे' म्हणजेच गाडीला रंग मारणे झालं, ते यावरूनच.

नायट्रोसेल्युलोजचा रंग ऑक्सिजनची वाट पाहत नाही. तो थिनरमध्ये विरघळलेला असतो. थिनर उडून गेला की रंग वाळला. काही आठवड्यांचं काम काही तासांवर आलं. पण तो इतका झटपट वाळतो, की ब्रश परत फिरवायला वेळच मिळत नाही. म्हणून गन लागलीच. गन आणि लॅकर यांची जोडी जमली ती कायमची.

हिशेबाची दुसरी बाजूही लगेच दिसली. रंग वाळतो म्हणजे थिनर हवेत जातो, आणि थिनर पेट घेतो. ब्रिटननं 1934 मध्ये कारखान्यांतल्या सेल्युलोज द्रावणांसाठी वेगळे नियमच केले.

नायट्रोसेल्युलोजचा भडका आपल्याकडेही पाहिला गेलाय, फक्त तो मोटारीच्या रंगाचा नव्हता. जुन्या सिनेमाच्या फिल्म याच पदार्थाच्या असत. 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि नंतर पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीचे सिनेमे अशाच फिल्मवर उतरले होते. 2003 मध्ये पुण्यात जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि त्यात प्रभातच्याही नायट्रेट फिल्म गेल्या. 'एनसी' या नावानं आजही दुकानात मिळणारं लॅकर त्याच कुळातलं आहे.

इथे एक छोटा हिशेब करू. आपली मोटार उभी करायची शेड 10 फूट रुंद, 20 फूट लांब आणि 10 फूट उंच आहे, दार-खिडक्या धूळ येऊ नये म्हणून बंद आहेत, असं धरा. थिनर हे अनेक द्रावकांचं मिश्रण असतं. हिशेबासाठी सगळं टोल्यूइन धरू. एक लिटर टोल्यूइन उडालं की साधारण 230 लिटर वाफ होते. शेडची हवा सुमारे 56,600 लिटर. म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत टोल्यूइनचे सुमारे 4,000 भाग. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेनं टोल्यूइनसाठी 'जिवाला आणि आरोग्याला तत्काळ धोका' अशी जी पातळी ठरवलीय, ती आहे 500 भाग. एका लिटरमध्ये आपण तिच्या आठपट गेलो. तीन लिटर उडालं तर तीच हवा ठिणगी मिळताच पेट घेईल इतकी दाट होते. पूर्ण गाडी रंगवायला, गन धुण्यासकट, दोन-तीन लिटर थिनर सहज लागतो.

ही झाली सरासरी. प्रत्यक्षात ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते. शेडच्या मागे अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला असेल, शेजारी गॅसची शेगडी असेल, फ्रिजचा किंवा साध्या बटणाचा स्पार्क असेल, तर आग तिथे लागते आणि वाफेच्या मागावरून शेडमध्ये येते. साधा टेबल फॅन लावून हवा खेळवतो म्हणणाऱ्यांनी त्या फॅनच्या मोटारीतही ठिणगी असू शकते, हे लक्षात घ्यावं.

एकदाच घ्यायची गाडी

भारतात रंगाची गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. इथे प्रश्न गाड्या भराभर बनवण्याचा नव्हता. एकच गाडी वर्षानुवर्षं टिकवायची होती.

मुंबईत 1920 मध्ये लोअर परळला गॅहॅगन पेंट्स ही कंपनी निघाली. नावं बदलत तीच पुढे गुडलास नेरोलॅक आणि नंतर कन्साई नेरोलॅक झाली. 1942 मध्ये, युद्धामुळे परदेशी रंगाची आवक अडली असताना, चार मित्रांनी मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. मोटारींच्या बाजूला पाहिलं तर आष्ट्यापासून फार लांब नसलेल्या तासगावात 1903 मध्ये जन्मलेले आबासाहेब गरवारे मुंबईत जुन्या मोटारींच्या व्यापारातूनच वर आले. सांगलीच्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन आणि मग फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

पुढची तीसेक वर्षं परवान्यांच्या राज्यात मोटारींची मोजकीच मॉडेलं होती आणि गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. मिळालेली गाडी कोणी भंगारात काढत नसे. ठोकली तर ठोकून सरळ करायची, गंजली तर पत्रा जोडायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपरनं घासायची, पुन्हा रंगवायची. डेंटर आणि पेंटर ही जोडी गावोगाव रुजली ती या काळात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी हे त्याचं ठळक उदाहरण. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये ताडदेवला नोंदली गेली. 20 वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 अखेर तिचा प्रवास थांबला. इतकी वर्षं रोज रस्त्यावर असणारी गाडी किती वेळा पेंटरच्या हातून गेली असेल, याचा अंदाज करता येतो.

एसटीचंही तसंच. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली गाडी निळी आणि वरून चंदेरी होती. लाल रंग नंतरचा. दापोडीसारख्या कार्यशाळांत या गाड्यांच्या बॉडी बांधल्या आणि रंगवल्या गेल्या. ट्रक, ट्रॉली, ट्रॅक्टर यांच्यासाठी सिंथेटिक इनॅमल वापरात आलं. हा तेलाच्या रंगाचाच सुधारलेला अवतार. 1930 च्या दशकापासून जगभर पसरलेल्या अल्किड रेझिनवर तो बनतो, टर्पेंटाइननं पातळ होतो आणि तेलासारखाच ऑक्सिजन घेऊन सावकाश वाळतो. चमक ठीकठाक, उन्हात दोन-तीन वर्षांत फिकटणारी. पण हाताळायला त्या मानानं सोपा.

पेंटरच्या तब्येतीचा विचार मात्र या कथेत कुठे येत नाही. 1948 चा कारखाना कायदा मुळात वीज वापरणाऱ्या आणि किमान 10 कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. दोन-तीन माणसांची शेड त्यात बसत नाही. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1989 मध्येच रंगाऱ्याचा व्यवसाय माणसाला कर्करोगकारक ठरणाऱ्या गटात टाकला. ती बातमी आपल्या शेडपर्यंत आली नाही. आपल्याकडे उपाय म्हणून गूळ आहे. उसाच्या पट्ट्यातला भरवशाचा समज असा, की धुळीचं किंवा रंगाचं काम झालं की गूळ खावा, छातीतली घाण निघून जाते. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. श्वासनलिकेत त्याला वाट नाही. दुधाचंही तेच.

हार्डनर

लवकर वाळण्याच्या शर्यतीतला शेवटचा मोठा टप्पा म्हणजे दोन डब्यांचा रंग. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधलं. दोन द्रव एकत्र केले की ते आपसांत जोडले जातात आणि कडक, चिवट थर तयार होतो. त्यातल्या एका द्रवात आयसोसायनेट गट असतो. मोटारींच्या दुरुस्तीत हे रसायन गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पसरलं. गॅरेजमध्ये त्याला 'टू-के' किंवा 'पीयू' म्हणतात आणि आयसोसायनेटच्या डब्याला 'हार्डनर'. खाली मेटॅलिक रंग आणि वर काचेसारखा क्लिअर अशा आजच्या गाड्यांना मूळच्यासारखी चमक आणायची तर पेंटर सहसा टू-के क्लिअरच मारतो. पेट्रोल सांडलं तरी तो विरघळत नाही, ऊन सोसतो, लवकर कडक होतो.

आयसोसायनेट हा शब्द भारतीय वाचकाला 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्रीपासून माहीत आहे. भोपाळला गळालेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. इथे गोंधळ नको: हार्डनरमध्ये तो वायू नसतो. तिथे असतात आकारानं मोठे, सहसा एचडीआय या रेणूपासून बनवलेले घटक. डबा उघडा राहिला म्हणून ते भोपाळसारखे पसरत नाहीत. पण शरीरातल्या प्रथिनांना जाऊन चिकटणारा गट दोन्हींत तोच आहे. आणि जो पदार्थ स्वतःहून फारसा हवेत उडत नाही, त्याचे बारीक थेंब करून हवेत सोडायचं काम आपली गन करते.

नुकसान विषबाधेसारखं लगेच होत नाही, म्हणून ते फसवं आहे. काही जणांचं शरीर आयसोसायनेटला 'ओळखायला' शिकतं. मग पुढच्या वेळी अगदी थोड्या प्रमाणातही दम्याचा झटका येतो, कधी काम संपल्यावर काही तासांनी, रात्री. ही ओळख सहसा पुसली जात नाही. अशा माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या सांगण्यानुसार तिथल्या गाड्या रंगवणाऱ्यांना दम्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे 80 पट आहे. युरोपीय संघात तर 24 ऑगस्ट 2023 पासून प्रशिक्षण घेतल्याशिवाय असे पदार्थ व्यावसायिक कामासाठी वापरताच येत नाहीत.

मास्कबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. कापडी रुमाल काहीच अडवत नाही. एन-95 धूळ आणि थेंब अडवतो, वाफ नाही. कोळशाच्या काडतुसांचा रबरी मास्क थिनरची वाफ अडवतो. काडतूस संपलं की थिनरचा वास येऊ लागतो आणि आपण सावध होतो. आयसोसायनेटला असा इशारा देणारा वास नाही. काडतूस कधी संपलं ते कळतच नाही. म्हणून टू-केसाठी बाहेरच्या स्वच्छ हवेची नळी लावलेला मास्क हाच मान्य उपाय आहे. कारखान्याच्या बूथमध्ये तो असतो. फवारणी थांबल्यावरही न दिसणारं धुकं हवेत राहतं, म्हणून हवा साफ होईपर्यंत तो मास्क काढायचा नसतो. हार्डनर कातडीतूनही आत जातो, तेव्हा नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे एखादी प्रणाली नव्या ठिकाणी हलवायची तर आधी ती कशावर अवलंबून आहे याची यादी करतात, नाहीतर ती तिथे चालत नाही. रंगाचं उलटं झालं. टू-के रंग बूथवर आणि नळीच्या हवेवर अवलंबून आहे, पण त्यांच्याशिवायही तो चालतो. चमक तितकीच येते. फरक दिसतो तो माणसात, काही वर्षांनी. म्हणूनच ही यादी कुणी मागितली नाही.

मग घरी काय मारावं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं.

घरी नळीच्या हवेचा मास्क नसेल तर टू-के मारू नये. स्प्रेच्या डब्यातलं टू-के क्लिअरही त्यात आलं. बुडाशी बटण असलेले, दाबलं की आतला हार्डनर मिसळणारे डबे दिसायला साध्या स्प्रेसारखे असतात, पण आत तेच रसायन आहे. डब्यावर 'हार्डनर', 'आयसोसायनेट' किंवा 'टू-के' लिहिलंय का, ते घेण्याआधी वाचावं.

छोट्या कामासाठी, म्हणजे बंपरचा कोपरा, आरशाचं झाकण, दाराची कड, एका घटकाचा ॲक्रिलिक स्प्रे बरा. हा डबाही 1949 मध्ये अमेरिकेत एड सेमूर यांनी ॲल्युमिनियमचा रंग दाखवण्यासाठी बनवला, तेव्हापासून घरगुती कामाचाच आहे. चमक टू-केइतकी टिकणार नाही, पेट्रोल सांडलं तर डाग पडेल. हे स्वीकारून घ्यायचा. ट्रॉली, जुनी जीप, लोखंडी फाटक यांना सिंथेटिक इनॅमल ब्रशनं किंवा रोलरनं मारलं तर धुकंच होत नाही. एनसी लॅकरची आगीची बाजू आपण पाहिली. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात ते दमट हवेतलं पाणी धरून पांढरट पडतं. जून ते सप्टेंबर त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि पूर्ण गाडी रंगवायची असेल तर ते काम घरचं नाही, बूथ असलेल्या ठिकाणचं आहे.

जुन्या रंगावर नवा मारताना खालचा कोणता आहे ते आधी पाहावं. न दिसणाऱ्या जागी थिनरचा बोळा चोळा. रंग बोळ्याला आला तर खाली लॅकर किंवा एका घटकाचा रंग आहे. नाही आला तर तो भाजलेला किंवा टू-के आहे. सिंथेटिकवर लॅकर मारलं तर खालचा थर फुगून सुरकुततो. रंगाची छटा डोळ्यांनी जुळवत बसू नये. इंजिनाजवळच्या किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कलर कोड असतो, त्यावरून रंग मिळतो. नवा रंगच द्यायचा असेल तर तो आरसी बुकावर नोंदलेला असतो, आपल्याकडे एमएच-10 च्या कार्यालयात तो बदलून घ्यावा लागतो. आणि ऑलिव्ह हिरवा केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना आहे, जीपप्रेमींनी कितीही मनात आणलं तरी.

घासताना पाणी वापरा. जुन्या पिवळ्या, केशरी, लाल रंगांत शिशाचे क्रोमेट असू शकतात. शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे 2016 चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहेत, मोटारी-ट्रॅक्टरच्या रंगांना ते लागू नाहीत. कोरडं घासलं की ती पूड अंगणात बसते आणि अंगणात पोरं खेळतात.

फवारणी उघड्यावर, वारा पाठीशी किंवा बाजूनं घेऊन, सकाळी दव गेल्यावर करावी. धूळ बसेल, ती नंतर घासून काढता येते. आधी थोडं पाणी शिंपडलं की धूळही दबते. बंब, चूल, गॅस विझलेले असावेत, बिडी-सिगारेट नाही, मुलं आणि जनावरं लांब. एका घटकाच्या रंगासाठी वाफेची काडतुसं आणि पुढे धुळीची गाळणी असलेला रबरी मास्क, डोळ्यांना चष्मा. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला बसत नाही आणि कडेनं हवा शिरते. काडतुसं काम झाल्यावर घट्ट पिशवीत ठेवावी, उघडी राहिली तर कपाटातही संपत जातात. हात थिनरनं धुऊ नयेत. इनॅमलनं भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना तापतं आणि गोळा आपोआप पेटू शकतो. त्या पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून ठेवाव्यात. उरलेला थिनर ओढ्यात किंवा गटारात नाही.

घरी न करता पेंटरकडे गाडी देणाऱ्यांनाही या इतिहासातून एक गोष्ट घेता येईल. 'संध्याकाळपर्यंत मिळेल ना?' हा आपला प्रश्न फोर्डच्याच प्रश्नाचं गावाकडचं रूप आहे. त्याचं उत्तर पेंटर स्वतःच्या छातीतून देतो, कारण दरात मास्क आणि नळीचा खर्च कुणी धरत नाही. गाडी सोडताना विचारावं, काका, टू-के मारणार असाल तर तोंडाला काय लावता? रुमाल म्हणाले तर दोन वाटा आहेत. एक, काम बूथवाल्याकडे न्यायचं. दुसरी, त्यांना साधा ॲक्रिलिक मारायला सांगायचं, चमक थोडी कमी चालेल म्हणायचं. चार गाड्यावाल्यांनी मिळून हवेच्या नळीचा मास्क घेऊन दिला तरी तो एका गाडीच्या रंगकामापेक्षा फार महाग पडणार नाही, आणि वर्षानुवर्षं वापरला जाईल. गाडी दोन दिवस उशिरा मिळाली तरी चालेल, हे सांगायला तर पैसेही लागत नाहीत.